ड्रिल जितकं जोरात, ग्राउट तितकं छान?

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपवर दिवाळीआधी, घराघरांत डागडुजी निघाली की, ग्राउट (टाइल्सच्या सांध्यांत भरायचा माल) कालवण्याबद्दल एक सल्ला हमखास फिरतो: ड्रिलला लावायचं पॅडल, म्हणजे ढवळायची पाती, कुठलंही चालतं, ड्रिल फुल स्पीडवर ठेवा, गुठळी राहत नाही.

गुठळ्या मोडतात, हे खरं. पण वेगाबरोबर हवाही आत ओढली जाते. वाळल्यावर तिचीच बारीक छिद्रं होतात, सांधा कमजोर पडतो. म्हणून मिनिटाला 300च्या आसपास किंवा त्याहून कमी फेरे बरे. पात्यांचा पीळही बघा: घट्ट मालाला तळातलं वर उचलणारा, पातळ मालाला वरून खाली ढकलणारा.

खात्री करायचीय? एकाच पाकिटातली पावडर दोन डब्यांत घ्या, पाणी मोजून सारखंच. एक हळू कालवा, एक जोरात. फेस कुठे येतो ते दिसेलच. वाळल्यावर दोन्ही तुकडे मोडूनही बघा.