रोमन ब्राँझ मेडालियन आणि ‘नाणं की पदक’ची भानगड

मेडालियन म्हणजे रोमन सम्राटांनी खास पाडून घेतलेली, नाण्यासारखीच पण मोठी चकती. ते हातात घेतलं की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. सेस्टर्शियस हे रोमचं मोठं पितळी नाणं साधारण 25 ग्रॅमचं, मेडालियन 40-50 ग्रॅम, कधी त्याहून जड, आणि काहींमधे तर मधला भाग तांबूस नि बाहेर पितळेची पिवळी कड.

सुरुवातीचे तुरळक नमुने सोडून देऊ. खरा बहर सम्राट हेड्रियन (117-138) ते कॉमोडस (180-192) या काळातला, आणि त्यातही सम्राट अँटोनायनस पायसच्या मेडालियनना तोड नाही. इ.स. 148 मधे रोमला 900 वर्षं होणार, त्या सुमारास जुन्या दंतकथांची मालिकाच निघाली. एकावर एस्क्युलेपियस या आरोग्यदेवाचा साप जहाजातून बेटाकडे झेपावतोय, जवळच पुलाच्या कमानी, आणि पाण्यात पहुडलेला टायबर नदीदेव हात पुढे करून त्याला ‘ये’ म्हणतोय. तळहातापेक्षा लहान चकतीवर एवढं सगळं!

आता भानगड नावाची. मेडालियन हा शब्द रोमन नाहीच, इटालियन संग्राहक जुन्या नाण्याला मेडाल्या म्हणायचे, त्यातलं मोठं ते मेडाल्योने. आपण पदक म्हणतो आणि डोळ्यासमोर रिबीन येते, पण गळ्यात घालायला कडी लावलेली असतात ती बहुतेक नंतरची, सोन्याची. मग ओळखायचं कसं? तर ब्राँझच्या नाण्यांवर ‘एस सी’ म्हणजे सिनेटच्या ठरावाने अशी अक्षरं असतात, मेडालियनवर नसतात, म्हणून अक्षरं नाहीत ते मेडालियन असं ठरवून टाकलं गेलं. मला हा नियम खरा कमी आणि कॅटलॉगच्या सोयीचा जास्त वाटतो. सम्राट डेशियसचं (249-251) दुप्पट सेस्टर्शियस बघा, आकार मेडालियनचा नि अक्षरं नाण्याची. उलट काही मेडालियन इतकी झिजलेली असतात की ती बाजारात फिरली असावीत.

नवीन वर्षाची बादशाही भेट, हे नेहमीचं स्पष्टीकरण मात्र पटतं. कॉमोडसने 192 च्या डिसेंबरात डोक्यावर सिंहाचं कातडं घेतलेली, स्वतःला रोमन हर्क्युलिस म्हणवणारी मेडालियन पाडून घेतली आणि 31 तारखेला त्याचाच गळा दाबला गेला.

पुढे मान सोन्याकडे गेला. 16 व्या शतकात इटलीतल्या पादुआ शहरातल्या कारागिरांनी नवे साचे कोरून इतकी हुबेहूब मेडालियन पाडली की तीच आता जमवली जातात, पण त्यांच्याही ओतीव, म्हणजे ठोकून न पाडता धातू ओतून केलेल्या नकला फिरतात, त्यांची कड कानशीने घासून साफ केलेली असते, म्हणून कडेवर कानशीचे ओरखडे दिसले की सावध व्हायचं.