आंबवलेल्या पदार्थांतून बाळाला बी-१२ जीवनसत्त्व मिळतं?

इंदूरच्या रामबागेत बारशाला गेलं की पाळण्यापाशी हे हमखास ऐकू येतं: "दूध-दही सोडलंय ना, मग इडली, ढोकळा खा. आंबवलेल्यात बी-१२ असतं, अंगावरच्या दुधातून बाळाला मिळतं." तसं असतं तर आपल्या पोह्यांसोबतच्या जिलबीनेही काम भागलं असतं!

बी-१२ जिवाणूच तयार करतात, हे खरं. गफलत तिथेच होते. पीठ फुगवणारे जिवाणू ते भरवशाने तयार करत नाहीत. दह्यात ते असतं, कारण मुळात दुधात असतं. स्पिरुलिना नावाच्या निळ्या-हिरव्या शेवाळातलं बरंचसं बी-१२ नावापुरतं, शरीराला वापरता न येणारं.

मोठ्या माणसाच्या यकृतात काही वर्षांचा साठा असतो. बाळाकडे मात्र आईकडून आलेली शिदोरी तेवढी, आणि आईलाच कमी असेल तर तीही तुटपुंजी. मग चारेक महिन्यांनंतर हसरं बाळ मलूल होतं, सावरलेली मान पुन्हा लटकते, बोटांची पेरं काळवंडतात, हात थरथरतात. उपचारांनी बाळ लवकर तरतरीत होतं; पण उशीर झाला तर विकासात कायमची उणीव राहू शकते.

व्हीगन, म्हणजे दूध-दहीही न खाणाऱ्या आईने अंगावरचं दूध पाजू नये असं अजिबात नाही. जरूर पाजावं. फक्त तिने गरोदरपणापासून बी-१२ची गोळी घ्यायची. बाळाला थेंब द्यायचे का, ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. आणि वर्षाच्या आत आईच्या दुधाऐवजी बदामाचं दूध? नाहीच.