आरमाराचा तनखा

राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी आज जंजिरा उभा आहे. त्या खडकावर आधी होता तो लाकडी मेढेकोट. चाच्यांच्या उपद्रवाला कंटाळून इथल्या कोळ्यांनी ओंडके रोवून तो उभारला. त्यांचा नायक राम पाटील. बंदोबस्त जमातीचा आणि जमातीपुरताच. निजामशाहीने तो कपटाने घेतला, पुढे तिथे सिद्दीचे राज्य झाले.

१६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी गलबते बांधायला घेतली. वल्ह्यांवरचे हात याच किनाऱ्याचे होते: कोळी, भंडारी, गाबीत. खडक, भरती, वारा त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक. हुकूम दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान यांचा. पण माझ्या मते खरी सुधारणा जहाजांत नव्हती, ती पोटात होती. खलाशाला लुटीच्या वाट्यावर न सोडता दौलतीने पैका आणि गल्ला नेमून दिला.

तो वेळेवर पोचवणे मात्र महाकठीण. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग वसवून 'राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी' उभी केली, आणि प्रभावळी प्रांताचा सुभेदार जिवाजी विनायक याने आरमाराचा ऐवजच, म्हणजे नेमलेला पैका-गल्लाच, अडवून ठेवला. १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी त्याला लिहिलेले पत्र आजही वाचताना अंगावर येते. हबशांनी, म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दींनी, काही देऊन तुम्हाला आपले चाकर केले असेल, असा सरळ संशय त्यात आहे. कागदावर मांडलेले राज्य किनाऱ्यावर कुठे अडते, ते इथे उघड दिसते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या ग्रंथात, हाच धडा नियम होऊन येतो. आरमाराच्या दर सुभ्याला, म्हणजे तुकडीला, पाच गुराबा (मोठी लढाऊ जहाजे), पंधरा गलबते. आणि तनखा, म्हणजे आरमाराच्या खर्चाची नेमणूक, मुलखातून द्यावा, बंदरांच्या पैदास्तीवर (उत्पन्नावर) नाही, कारण त्याने सावकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना, उपद्रव होऊन सावकारीच बुडते. सागवान तोडावे ते परवानगीने. आंबा-फणसाला हात लावू नये, रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. लष्करी आज्ञेत हे वाक्य यावे, याचे मला फार मोल वाटते.

पुढे मुलखातला तनखा आटला. सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्र्यांचे आरमार जहाजांना दस्तके (परवाने) देऊन, त्यांच्या वसुलीवर जगले. बळकट झाले, पण घराण्याचे झाले. १७५६ च्या फेब्रुवारीत नानासाहेब पेशव्यांच्या संमतीने आलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचा ताफा जाळला. तांडेल आणि सारंग हे त्या गलबतांवरचे हुद्दे किनाऱ्यावर आडनावे होऊन राहिले आहेत.