परार्धाच्या घरातले शून्य

१०५२६३१५७८९४७३६८४२ या संख्येतला शेवटचा २ उचलून सर्वांच्या पुढे ठेवला की २१०५२६३१५७८९४७३६८४ मिळते आणि ती आधीच्या संख्येची बरोबर दुप्पट भरते. सांगलीतल्या एका शाळेत राष्ट्रीय गणित दिनाच्या पत्रकासाठी ही संख्या घेतली गेली, तेव्हा ती कोणत्या रूपात छापावी यावरून शिक्षकांत मतभेद झाले. त्या मतभेदाचे मूळ बरेच जुने आहे.

बाराव्या शतकातल्या पाटीगणितात एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत आणि ही संख्या ती अठराही घरे नेमकी भरते. १ ला १९ ने भागल्यावर दशांशचिन्हापुढे ०५२६३१५७८९४७३६८४२१ हे अठरा अंक पुनःपुन्हा येतात; त्यांतला शेवटचा १ पुढे नेला की वरचीच संख्या मिळते. अशा आवर्ती गटांची पद्धतशीर मांडणी १८०१ मध्ये जर्मनीत झाली.

पाटीवर १९ च्या भागाकाराची ही अठरा अंकांची ओळ उजवीकडून सहज उतरते. १ लिहावा आणि दुप्पट करत डावीकडे जावे : २, ४, ८, मग सोळाचे ६ आणि हातचा १, बारा आणि एक तेराचे ३, हातचा पुन्हा १. अठरावा अंक शून्य येतो, हातचा १ उरतो आणि तोच १ पुढच्या फेरीचा आरंभ ठरतो.

वाद या शून्याचा आहे. ते परार्धाच्या घरात बसते, पण पूर्णांक लिहिताना डावीकडच्या शून्याला किंमत नसल्याने ते गाळले जाते आणि संख्या सतरा अंकीच उरते. तिच्यातला शेवटचा १ पुढे नेला तर दुप्पट होत नाही. शून्य राखले तरच होते. म्हणून कडक व्याख्या मानणारे २ ने संपणारी संख्याच सर्वांत लहान धरतात. 'चक्रीय संख्या', म्हणजे जिच्या पटी काढल्या की तेच अंक त्याच क्रमाने फिरून येतात ती संख्या, या नावाचा गुंताही इथलाच आहे, कारण आरंभीचे शून्य नाकारले तर दशमान पद्धतीत १४२८५७ ही एकच चक्रीय संख्या शिल्लक राहते आणि १७, १९, २३ यांच्यापासून निघणारे सगळे गट बाद होतात. पत्रकातून शून्य वगळण्याचा निर्णय झाला. नियमाला धरून तो योग्य होता, परंतु ज्या मुलांना रिकाम्या घराचे मोल शिकवायचे, त्यांच्यापुढून ते घरच काढून घेतले गेले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अलीकडे या प्रश्नात संगणकाचीही भर पडली. प्रचलित स्प्रेडशीट पंधराच अंक राखते, त्यामुळे तिथे शेवटचे ८४२ पुसून ००० होतात आणि आरंभीचे शून्य तर टंकताक्षणीच नाहीसे होते. दोन्ही टिकवायचे तर तो रकाना आधीच मजकुराचा करावा लागतो. ७, १७, १९ यांच्यासारख्या मूळ संख्या, ज्यांच्या गटाची लांबी त्यांच्याहून एकाने कमी असते, अनंत आहेत, असे अनुमान १९२७ मध्ये मांडले गेले. १९६७ मध्ये ते सिद्ध झाले, पण दुसऱ्या एका असिद्ध गृहीतकाच्या आधारावरच, आणि तो आधार आजही पक्का झालेला नाही.