मावशीच्या कानातलं पाणी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात मावशीचं आयुष्य गेलं. त्यामुळे डाव्या कानात गुंऽऽ असा आवाज येऊ लागला तेव्हा तिनं मनावर घेतलं नाही. मग एका सकाळी भाकरी थापताना ओटाच फिरू लागला. पिठाच्या हातांनी ती तिथंच खाली बसली. दोन तास नुसत्या उलट्या. कुणी पित्त म्हणालं, कुणी मणक्यातली गॅप. मानेला पट्टाही बांधून झाला. कानाकडे लक्ष जायला दोन वर्षं गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

गड्ड्याच्या यात्रेत गोल फिरणाऱ्या पाळण्यातून उतरलं की होम मैदान फिरत राहतं. आपण थांबतो, पण आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव लगेच थांबत नाही. हा कान म्हणजे हाडात कोरलेला बोगदा आणि त्यात पातळ पडद्याची नळी. नळीत पोटॅशियमनं भरलेला एंडोलिम्फ, बाहेर सोडियमवाला पेरिलिम्फ. शंखासारख्या भागात दोघांमधला एक पडदा जेमतेम दोन पेशींइतका जाड असतो. मावशीला होता त्या मेनिअरच्या आजारात आतला द्रव साचतो आणि हा पडदा फुगतो.

अशी चक्कर मेंदूतून नाही, कानातून येते, हे पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिअर यांनी १८६१ मध्ये मांडलं. फुगवटा दिसला थेट १९३८ मध्ये, तोही मृतांच्या कानाच्या हाडात. जिवंत माणसाचा कान कापून कसा बघणार? साध्या एमआरआयमध्ये दोन्ही द्रव सारखेच पांढरे दिसतात.

वाट सापडली ती गॅडोलिनियममुळे, म्हणजे एमआरआयमध्ये उजळ दिसणाऱ्या औषधामुळे. २००७ मध्ये जपानमधल्या नागोयाच्या डॉक्टरांनी ते पातळ करून कानाच्या पडद्यातून आत सोडलं आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय काढला. गॅडोलिनियम पेरिलिम्फमध्ये झिरपतं, एंडोलिम्फमध्ये शिरत नाही. म्हणून बाहेरचा द्रव उजळतो, आतला काळा राहतो. काळा भाग पसरलेला दिसला की शंखातला तो पातळ पडदा फुगलाय. आता बहुधा शिरेतूनच इंजेक्शन देतात आणि चारेक तासांनी चित्र घेतात.

फुगवटा दिसला म्हणजे आजार ठरला, असं मात्र नाही. काहींना तो असून त्रास नसतो. निदान अजूनही रुग्णाच्या सांगण्यावर आणि ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर उभं आहे. वीस मिनिटं ते बारा तासांची, पुन्हा पुन्हा येणारी चक्कर, आणि त्याच सुमारास एका कानात दडा किंवा आवाज असेल, तर हे सगळं डॉक्टरांना एकत्र सांगावं. मावशी कानाचं वेगळं सांगायची, चकरेचं वेगळं. शेवटी ऑडिओग्राम काढला, तर डाव्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येत होते.