दोन वेढे आणि सव्वादोनशे किलो

मे महिन्याच्या शेवटी आमच्या दादरच्या सोसायटीतला जुना पर्जन्यवृक्ष उतरवला. बुंधा आतून पोखरला होता आणि झाड फाटकाच्या बाजूला कललं होतं. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आली, मग माणसं आली. (1975 च्या राज्य कायद्यानुसार झाड खासगी आवारात असलं तरी ही परवानगी लागते.) वर चढलेल्या गड्याने जाड बेचक्यात कप्पी बांधली आणि तोडायच्या फांदीचा दोर त्यातून खाली सोडला. खाली उभ्या असलेल्या पोराने तो दोर बुंध्याभोवती दोनदा गुंडाळला आणि शेपूट हातात धरून उभा राहिला. शेजारचे काका म्हणाले, "अहो, कप्पी लावली म्हणजे वजन अर्धं झालं ना? मग एवढं गुंडाळायचं कशाला?"

हा समज फार जणांचा आहे. वर पक्की बांधलेली एक कप्पी वजन अर्धं करत नाही, ती फक्त दोराची दिशा बदलते. उलट ज्या बेचक्यात ती बांधली आहे, त्याच्यावर भार दुप्पट येतो. एका बाजूने फांदी खाली खेचते आणि दुसऱ्या बाजूने तिला धरून ठेवणारा दोर तेवढ्याच जोराने खाली खेचतो. खरी कामगिरी त्या दोन वेढ्यांची होती.

मोकळ्या रानात झाड पाडायची रीत वेगळी. ज्या दिशेला झाड पाडायचं त्या बाजूला खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं, पण आरपार नाही. मध्ये खोडाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी ठेवायची. ती बिजागरीसारखी वाकते आणि झाडाला दिशा देते. मागच्या कापात पाचर ठोकली की झाड पुढे झुकतं. पंधरा मीटर उंच झाड, पाचरीपासून बिजागरीपर्यंत 45 सेंटिमीटर अंतर आणि पाचरीने दिलेली उचल अडीच सेंटिमीटर, एवढ्यात शेंडा 80 सेंटिमीटरच्या वर सरकतो. पण दादरच्या गल्लीत एका बाजूला इमारत, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब आणि खाली रांगेत लावलेल्या गाड्या. इथे झाड पाडायला जागाच नसते. ते वरून तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागतं, म्हणून सगळा भार दोरावर येतो.

भार किती? ओल्या लाकडाचा घनमीटर ढोबळ मानाने 800 ते 1000 किलो भरतो. 40 सेंटिमीटर जाड आणि दोन मीटर लांब ओंडका म्हणजे पाव घनमीटर, साधारण सव्वादोनशे किलो. तो एका सडपातळ पोराच्या हातात होता आणि पोराच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

भाऊच्या धक्क्यावर लाँच लागताना कधी बघितलंय का? खलाशी खुंट्याला दोराचे दोन-तीन वेढे मारतो, टोक हातात धरतो आणि माणसांनी भरलेली लाँच थांबवतो. तेच गणित आमच्या आवारात चाललं होतं. त्याचं सूत्र 18 व्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडलं. माझ्या मते यंत्रशास्त्रातल्या सर्वांत देखण्या सूत्रांपैकी ते एक आहे. घातांक बाजूला ठेवून ते असं समजून घेता येतं.

बुंध्याभोवतीच्या वेढ्याचे 360 तुकडे करा, प्रत्येक एका अंशाचा. दोर ताणलेला असल्यामुळे प्रत्येक तुकडा खोडावर थोडा दाबला जातो. दाब आला की घर्षण आलं आणि घर्षणाने त्या तुकड्यापुरता थोडा ताण खाल्ला. साल आणि दोर यांच्यातला घर्षणांक (दाबाच्या किती पट घर्षण होतं, तो आकडा) 0.3 धरला, तर एका अंशात ताण सुमारे अर्धा टक्का कमी होतो. पण पुढच्या तुकड्यावर येणारा ताण आधीच कमी झालेला असतो आणि अर्धा टक्का जातो तो या उरलेल्या ताणाचा. हिशेबाच्या वहीत यंत्रावर दरवर्षी घसारा लावतात, अगदी तसंच. इथे तर खरोखरच दोर घासतो. 360 अंश संपले की मूळ ताणाचा फक्त 15 टक्के उरतो. दुसऱ्या वेढ्यात त्या 15 टक्क्यांचे 15 टक्के, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास.

सव्वादोनशे किलोचा ओंडका एका वेढ्यानंतर हाताला 34 किलो लागतो, दोन वेढ्यांनंतर पाच किलो आणि तीन वेढ्यांनंतर किलोभरसुद्धा नाही. मग प्रत्येक वेळी तीनच का मारत नाहीत? कारण तेव्हा दोर सरकतच नाही. ओंडका अधांतरी लटकून राहतो आणि त्याला उतरवण्यासाठी दोर हाताने ढकलावा लागतो.

या हिशेबात बुंध्याची जाडी कुठेच येत नाही. जाड बुंध्यावर दोराची लांबी जास्त बसते, पण दर सेंटिमीटरमागे दाब तेवढ्याच प्रमाणात कमी होतो आणि दोन्ही एकमेकांना फेडून टाकतात. पोफळीसारखं बारीक खोड असो वा मिठी मारूनही न मावणारा वड, तेवढेच वेढे आणि घर्षणांक तोच, तर पकड तीच. बारीक खोड तो भार सोसेल का, हा वेगळा प्रश्न.

घर्षणांक मात्र बदलतो. सालीवर शेवाळाचा बुळबुळीत थर असला आणि तो 0.2 वर आला, तर दोन वेढ्यांनंतरही हातात 18 किलो येतात. पाचाची तयारी ठेवून उभ्या असलेल्या माणसाला अठरा किलोंचा हिसका बसला की दोर तळहात सोलून काढतो. म्हणून हातमोजे हवेतच. आणि दोराचं शेपूट हाताला किंवा कमरेला गुंडाळायचं नाही, कधीच नाही. शेजारच्या गल्लीत मी एकाला मनगटाभोवती दोर घेऊन उभा राहिलेला पाहिला होता. मुकादमाने धावत जाऊन तो सोडवला.

दोर आवळून ठेवायचा नसतो, हेही महत्त्वाचं. फांदी तुटते त्या क्षणी दोर घट्ट रोखलेला असेल, तर अचानक आलेल्या भाराने त्यात वजनाच्या दुप्पट ताण निर्माण होऊ शकतो. कप्पीवर त्याची पुन्हा दुप्पट. म्हणजे 225 किलोच्या ओंडक्याचे बेचक्यावर 900 किलो. ओंडका आधी थोडा मोकळा पडून मग दोराला लागला, तर याहूनही जास्त. म्हणून वरून आवाज येतो, "ढील दे, ढील दे… बस!" दोर थोडा सरकू दिला की हिसका लांब वेळात वाटला जातो.

पिंपळ तोडला की मुंजा बळी घेतो, असं आजही ऐकू येतं. आमच्या झाडापुढे एका आजींनी नारळ ठेवला, त्याला माझी काहीच हरकत नाही. इतकी वर्षं सावली दिलेल्या झाडाला नमस्कार करावासा वाटतोच. पण अपघात झाला की मुंजावर टाकून मोकळं व्हायचं, याचा मला राग येतो. कारण मग कुजलेलं बेचकं आणि झिजलेला दोर कुणी तपासत नाही, आणि पुढच्या झाडावर तोच दोर चढतो.

ओंडका आठ मीटर खाली आला, तेव्हा मी दोराला हात लावून पाहिला. वेढ्यांत घासलेला भाग चांगलाच तापला होता. ओंडक्याची स्थितिज ऊर्जा सुमारे 18 हजार ज्यूल होती आणि ओंडका संथ उतरल्यामुळे ती जवळजवळ सगळी घर्षणात उष्णता झाली. एक कटिंग चहा 30 अंशांवरून 70 च्या पुढे न्यायला एवढी उष्णता पुरते. ती दोराच्या बारीकशा पट्ट्यात आणि सालीत जिरली होती. बाजारात स्वस्तात मिळणारा पॉलिप्रोपिलीनचा दोर 165 अंशांच्या सुमारास वितळतो, पॉलिस्टरचा अडीचशेच्या पुढे. त्या पोराचा दोर पॉलिस्टरचा होता. पुढचा ओंडका बुंध्याजवळचा, चांगला जाडजूड. त्याने वर एकदा बघितलं आणि दोर सोडून अर्धा वेढा वाढवला.