फ्रीझरमधून काढलेलं दूध: फुटलंय की नासलंय?

फ्रीझरमधली दुधाची बाटली फ्रिजमध्ये वितळायला ठेवली, दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि आत बघते तर वर पिवळट पांढरे गोळे, मधे पाणचट दूध आणि तळाशी रवाळ साका. पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा मी दोन लिटर दूध सरळ सिंकमध्ये ओतून दिलं. वास घेतला नाही, चव पाहिली नाही. डोळ्यांनी सांगितलं नासलंय, तेवढं मला पुरलं. ते दूध चांगलं होतं हे बऱ्याच उशिरा कळलं, आणि मग शहाणपणाच्या भरात मी उलटी चूक केली. ‘फ्रीझरमधलं दूध असंच दिसतं’ म्हणत खरोखर नासलेलं दूध कॉफीत घातलं. पहिल्या घोटालाच चूक कळली.

गोंधळाला थोडी आपली भाषाही जबाबदार आहे. दूध फाटलं, फुटलं, नासलं हे शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतो. इथे मात्र त्यांच्यात फरक करू. दुधातले घटक एकमेकांपासून सुटे झाले, पण दूध बिघडलं नाही, तर ते ‘फुटलेलं’. जिवाणूंनी त्यात आम्ल तयार केलं आणि त्यामुळे गुठळ्या झाल्या, तर ते ‘नासलेलं’. दोन्ही सारखी दिसतात, कारण दोन्हीकडे गोळा होणारी वस्तू बरीचशी एकच असते.

ती वस्तू म्हणजे केसिन. दुधात साधारण 87 टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात स्निग्धांश, पाच टक्क्यांच्या आतबाहेर लॅक्टोज ही साखर, क्षार आणि तीन-साडेतीन टक्के प्रथिनं. या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसिन असतं आणि ते विरघळलेलं नसतं. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या गोलकांच्या रूपात ते पाण्यात तरंगत असतं. गोलकाच्या आत कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटसारखं काम करतं. पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्यामुळे गोलक एकमेकांना दूर ढकलत राहतात. स्निग्धांशाचे थेंबही तरंगतच असतात, प्रत्येकाभोवती पातळ आवरण असतं. हे सगळं एकमेकांपासून अंतर राखून आहे तोवर दूध पांढरं, एकसंध दिसतं.

आता फ्रीझरमध्ये काय होतं ते पाहा. साखर आणि क्षारांमुळे दूध शून्याला गोठत नाही, साधारण उणे 0.5 अंशाला गोठू लागतं. (हा आकडा इतका स्थिर असतो की दुधात पाणी घातलंय का, हे डेअरीत गोठणबिंदूवरूनच पकडतात.) गोठताना आधी बर्फ होतं ते पाण्याचं, शुद्ध पाण्याचं. बाकीचं सगळं उरलेल्या द्रवात ढकललं जातं. बर्फ वाढतो तसा हा द्रव कमी कमी आणि दाट होत जातो, जणू खारट-गोड पाकच. गोलकांना हलायला जागा उरत नाही, भोवती कॅल्शियमचं प्रमाण वाढतं आणि ते एकमेकांना चिकटतात. लॅक्टोजचे स्फटिक होऊ लागले की ही चिकटण्याची क्रिया आणखी वाढते. दुसरीकडे बर्फाचे स्फटिक स्निग्धांशाच्या थेंबांची आवरणं भोसकतात. वितळल्यावर ते थेंब एकत्र येऊन वर गोळे बनून तरंगतात. घरचा फ्रीझर सावकाश गोठवतो. सावकाश गोठलेल्या बर्फाचे स्फटिक मोठे होतात, आणि मोठे स्फटिक जास्त नासधूस करतात.

या साऱ्या उलाढालीत आम्ल तयार करणारा कुणी जिवाणू नाही. गोलक दाटीवाटीने चिकटलेत, त्यांची पकड सैल आहे. बाटली जोरात हलवली, दूध जरा कोमट केलं, की बरेचसे कण पुन्हा पाण्यात पसरतात.

नासण्याची गोष्ट अगदी निराळी आहे. जिवाणू लॅक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. ताज्या दुधाचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (आम्ल जास्त तितका तो कमी), 6.6 ते 6.8 असतो, तो उतरू लागतो. आम्ल वाढलं की गोलकांमधलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर येतं आणि पृष्ठभागावरचा विद्युतभारही नाहीसा होत जातो. पीएच 4.6 च्या जवळ आला की दूध थंड असतानाही आपोआप थिजतं. पण तिथवर थांबावं लागत नाही. आम्ल जेमतेम वाढलेलं असतानाही उष्णता लागली की गोलक एकमेकांना घट्ट धरतात. बाटलीत धडधाकट दिसणारं दूध गॅसवर ठेवताच चोथा-पाणी होतं ते यामुळेच. ही पकड सुटत नाही. ढवळा, मिक्सरमधून फिरवा, चोथा बारीक होईल, दूध होणार नाही.

म्हणून दोन्हींतला फरक ओळखायची माझी एकमेव भरवशाची रीत आहे ती म्हणजे उष्णता. अर्धा कप दूध लहान भांड्यात घ्या, मंद आचेवर ढवळत गरम करा आणि एक उकळी येऊ द्या. फुटलेलं दूध गरम होताना जुळून येतं, कण विरतात, वरचे गोळे वितळून तेलाचे बारीक ठिपके दिसतात. नासलेलं दूध गरम होताना आणखी तुटतं, गुठळ्या आकसून घट्ट होतात आणि भोवती हिरवट-पिवळसर निवळ पाणी सुटतं. डेअरीतही याच तत्त्वावर एक जुनी चाचणी करतात. थोडं दूध परीक्षानळीत घेऊन उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं धरायचं आणि गुठळ्या होतात का ते पाहायचं.

एक अडचण मात्र आहे. दूध फ्रीझरमध्ये फार दिवस राहिलं तर सैल पकडही पक्की होत जाते, आणि मग गरम करूनही थोडा रवा राहतोच. उणे 18 अंशालाही दुधातलं सगळंच पाणी गोठलेलं नसतं. त्या उरलेल्या दाट द्रवात बदल संथपणे चालूच असतात, आणि फ्रीझर जितका कमी थंड तितके ते वेगाने होतात. फ्रिजच्या आतल्या छोट्या बर्फाच्या कप्प्यातलं किंवा फ्रीझरच्या दारातलं दूध लवकर रवाळ होतं ते त्यामुळे. अशा वेळी कणांकडे नाही, कणांभोवतीच्या द्रवाकडे बघायचं. तो पांढरा, दुधासारखाच असेल आणि आंबूस वास नसेल, तर दूध फुटलेलंच आहे. कणांभोवती निवळ पाणी दिसत असेल तर नासलेलं. वास घेताना थंड दुधाचा घेऊ नका, थंडीत वास दबतो. चमचाभर कोमट करून मग नाकाशी धरा.

घाबरवणाऱ्या आणखी दोन-तीन गोष्टी आहेत, त्या पटकन उरकते. गोठलेलं दूध पिवळसर दिसतं, त्याने काही बिघडत नाही. केसिन आणि स्निग्धांश प्रकाश विखुरतात म्हणून दूध पांढरं दिसतं. गोठताना ही मांडणी बदलते आणि बी-2 जीवनसत्त्वाचा पिवळेपणा उठून दिसतो. वितळलं की रंग परत येतो. गोठलेली बाटली फुगलेली दिसते, तेही ठीक, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के जास्त जागा घेतं. मात्र पूर्ण वितळल्यावरही बाटली फुगलेलीच असेल आणि झाकण उघडताना फस्स आवाज आला, तर आत वायू झालाय आणि तो जिवाणूंनी केलाय. ते दूध टाकायचं. पुठ्ठ्यासारखा बेचव वास येतो तो तिसराच प्रकार. स्निग्धांशाचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं. थंडीने ते मंदावतं, थांबत नाही. दूध आंबलेलं नसतं, पण पिववतही नाही.

इथवर वाचून फुटलेलं म्हणजे निर्धोक असं कुणी समजू नये. गोठवल्याने जिवाणू मरतात हा समज चुकीचा आहे. काही मरतात, बरेचसे झोपी जातात आणि दूध वितळलं की कामाला लागतात. पाश्चराइज्ड दूध, म्हणजे 72 अंशांना 15 सेकंद तापवलेलं, निर्जंतुक नसतं. उष्णतेला दाद न देणारे बीजाणू त्यात उरतात. फ्रिजच्या थंडीत वाढणारे स्युडोमोनाससारखे जिवाणू दुधात वाढले की एन्झाइम सोडतात, आणि त्यातले काही उकळल्यावरही टिकतात. शिवाय काही बॅसिलस जिवाणू आम्ल न बनवताच दूध थिजवतात. म्हणजे आंबूस वास नाही, तरी बिघडलेलं. तिथे नाक फसतं, आणि रोग करणारे सगळेच जंतू वास सोडत नाहीत. गरम करण्याची चाचणी दूध फुटलंय की आंबलंय एवढंच सांगते. ते किती तास बाहेर राहिलं होतं, याचा हिशेब तुम्हालाच ठेवावा लागतो.

त्यामुळे खरा निकाल बराचसा गोठवण्याच्या दिवशीच लागलेला असतो. तारीख संपायला एक दिवस उरलेलं दूध गोठवलं, तर बाहेर येतं ते एक दिवस उरलेलंच दूध, किंवा त्याहून वाईट. आणलं त्याच दिवशी, गरजेपेक्षा जास्त आहे हे लक्षात येताच गोठवावं. बाटली काठोकाठ भरू नये, वर दोन-तीन बोटं जागा सोडावी. काचेची बाटली तर मी वापरतच नाही. लहान डब्यांत गोठवलं तर लवकर गोठतं, स्फटिक लहान होतात आणि फुटणंही कमी होतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत भरून ठेवले तर फारच सोयीचं. होमोजिनाइज्ड दुधाचे थेंब आधीच बारीक केलेले असल्यामुळे ते कमी फुटतं. साय काढलेल्या दुधात वर यायला फारसं काही नसतंच, त्यामुळे ते गोठवायला सर्वांत बिनतक्रार. तीन महिन्यांच्या आत वापरावं. चवीचं विचाराल तर मी महिन्याच्या पुढे जात नाही.

वितळवायचं ते फ्रिजमध्येच, 4 अंशांच्या आसपास. लिटरभर दुधाला दिवसभर लागतो, कधी जास्तही. घाई असेल तर बंद बाटली थंड पाण्यात बुडवून पाणी बदलत राहावं. मग दोन-तीन दिवसांत संपवावं आणि पुन्हा गोठवू नये. नुसतं प्यायला ते जरा पातळ आणि रवाळ लागतं, हे मान्य. सूप, सॉस, केक, खीर असं जिथे ते शिजणार आहे तिथे कुणाला कळतसुद्धा नाही.

राहता राहिली ती ओट्यावर रात्रभर विसरलेली बाटली. तिच्यात दोन्ही गोष्टी एकदम झालेल्या असतात. बाहेरचा थर आधी वितळून खोलीच्या तापमानाला आलेला असतो आणि मधे बर्फाचा गोळा अजून तसाच असतो, त्यामुळे हाताला बाटली थंड लागते आणि आपण फसतो. गरम केल्यावर काही कण विरतात, काही घट्ट होतात, आणि आपण भांड्यात डोकावत ‘तसं बरंच वाटतंय’ म्हणत राहतो. ती बाटली गरम करून बघायच्या फंदात मी आता पडत नाही.